सवापट पारा

सकू वारघडेनं चोवीस वर्षांत एकही नोंद चुकवली नाही, असं उपकेंद्रातले लोक अभिमानानं सांगतात. ते तितकंसं खरं नाही. धाकट्या मुलीच्या बाळंतपणाचे दोन महिने, मलेरियाचे सतरा दिवस आणि सासू गेली तेव्हाचे दहा दिवस ती गेली नव्हती. बाकी जवळजवळ सगळे दिवस मात्र सकाळी सातला आणि दुपारी दोनला ती त्या पांढऱ्या पेटीसमोर हजर असायची, हे खरं.

मोखाड्याबाहेर एका माळावर शेती संशोधनाचं छोटंसं उपकेंद्र आहे. भात, नागली, वरई यांची नवी-जुनी वाणं तिथं लावून बघतात. इमारतीच्या मागं, तारेच्या कुंपणात, चार पायांवर उभी केलेली एक लाकडी पेटी आहे. तिच्या भिंतींना फटी ठेवलेल्या, म्हणजे वारा खेळतो पण ऊन आत शिरत नाही. आत चार तापमापक. दिवसातली जास्तीत जास्त उष्णता धरून ठेवणारा एक, कमीत कमी दाखवणारा एक, एक कोरडा आणि एक मलमलीची ओली पट्टी गुंडाळलेला. सकू दार उघडायची, श्वासाची ऊब काचेला लागू नये म्हणून श्वास रोखायची, डोळा बरोबर पाऱ्याच्या रेषेत आणायची आणि आकडा दशांशापर्यंत वाचायची. मग वहीत लिहायची. आकड्यांच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. तो बहुतेक ठिकाणी कोराच राहतो. सकू तिथंही काहीतरी लिहायची. ‘दव फार.’ ‘डोंगराला वणवा, धूर आहे.’ ‘काजूला मोहोर.’

ती मूळची दाभोशाची. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली, लग्न होऊन मोखाड्याजवळच्या पाड्यावर आली. नवरा बाबल्या भात आणि नागली पिकवायचा. उपकेंद्रात ती लागली तेव्हा झाडलोट आणि पाणी भरणं एवढंच काम होतं. तेव्हाचे निरीक्षक वर्षभरात बदलून गेले, नवीन माणूस आलाच नाही, आणि त्यांनी जाता जाता तिला शिकवलेलं काम तिच्याकडंच राहिलं. कागदावर तिचं पद मदतनीस. तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पारा वाचायला मिळतो, हेच तिला पुष्कळ होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात उपकेंद्रात प्रसाद नावाचा एक तरुण संशोधक आला. शहरातल्या एका संस्थेत तो हवामानाच्या इतिहासाचा अभ्यास करत होता, आणि जव्हारमध्ये त्याच्या हाती घबाड लागलं होतं. जव्हारच्या बाजारपेठेत रुचिरा महाले नावाच्या बाईंचं औषधांचं दुकान आहे. दुकानाचा माळा साफ करताना त्यांना पत्र्याच्या पेटीत एक जाडजूड वही सापडली. त्यांच्या नवऱ्याचे खापरपणजोबा विठ्ठल महाले संस्थानी अमदानीत दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी १८९१ पासून १८९८ पर्यंत, रोज सकाळी आणि दुपारी, हवेची उष्णता लिहून ठेवली होती. अक्षर बाळबोध, टपोरं, शाई अजून काळी.

या डोंगरातल्या एवढ्या जुन्या नोंदी कुणी पाहिल्या नव्हत्या. प्रसादनं वहीच्या पानांचे फोटो काढले आणि घाईघाईनं काही बेरजा मांडल्या. जे दिसलं त्यानं तो हरखून गेला. पहिल्या चार वर्षांत मे महिन्यातल्या दुपारचा आकडा सरासरी एकोणतीस होता. आज मेमधल्या दुपारी सदतीस होतं. म्हणजे एकशेतीस वर्षांत आठ अंश वाढ. जंगल तुटलं, डोंगर उघडे पडले, म्हणून इतका फरक, असं त्यानं अनुमान काढलं. वहीतल्या शेवटच्या चार वर्षांत आकडे एकदम सत्तर, ऐंशी, नव्वद असे होते, कारण १८९५ मध्ये दवाखान्यात नवा इंग्रजी तापमापक आला होता आणि तो फॅरनहाइटचा होता. ते आकडे सेल्सिअसमध्ये आणले तर मे महिना छत्तीसचा निघायचा. एका वर्षात सात अंशांची उडी कशी पडेल? तेव्हा नवा तापमापक तापलेल्या भिंतीवर टांगला असावा, असं धरून प्रसादनं ती चार वर्षं बाजूला ठेवली.

महिनाअखेरीला मोखाड्यात शेतकऱ्यांची मोठी सभा होती. तिथं हे सगळं सांगायचं ठरलं. पत्रकं छापूनही आली. त्याआधी सगळे आकडे तक्त्यात नीट उतरवून हवे होते. केंद्रप्रमुख सुशीला मॅडम म्हणाल्या की हे काम सकूताईंनाच द्या, त्यांच्या हातून आकडा इकडचा तिकडे होत नाही.

अशी ती वही, म्हणजे तिच्या पानांच्या छापील प्रती, सकूसमोर आली.

प्रसादनं तिला फक्त आकडे उतरवायला सांगितले होते. पण विठ्ठल कंपाउंडरच्या वहीतही शेऱ्याचा रकाना होता, आणि तो भरलेला होता. सकूला ते बघूनच माणूस ओळखीचा वाटला. आकडा उतरवायच्या आधी ती शेरा वाचायची. ‘आज आंब्याखाली लोक निजले.’ ‘धुके, दहा पावलांवरचे दिसेना.’ दुसऱ्या दिवशी दुपारी ती १४ मे १८९२ च्या ओळीवर आली. आकडा एकोणतीस. शेजारी लिहिलं होतं, ‘ऊन असह्य. रस्त्यावरील दोन मजूर घेरी येऊन पडले. पाखरे चोची उघडून बसली आहेत.’

सकूनं पेन खाली ठेवलं.

एकोणतीस तिला चांगला ठाऊक होता. श्रावणात ऊन-सावलीच्या दुपारी पारा एकोणतीसवर असतो. तेव्हा बायका शेतात बेणणी करत, तण काढत गप्पा मारतात. पाखरांनी चोची उघडाव्यात असा तो आकडा नव्हे. पाखरं चोची उघडतात ती सदतीसला, अडतीसला. एवढी वर्षं तिनं पेटीसमोर उभं राहून हे आपल्या कातडीवर अनुभवलं होतं. तिनं मागची पुढची पानं चाळली. जानेवारीच्या एका पहाटे आठचा आकडा होता आणि शेरा होता, ‘थंडी बेताची.’ आठला थंडी बेताची? आठला तर पाड्यावर कुणी शेकोटीपासून हलत नाही.

तिनं संध्याकाळी प्रसादला हे सांगितलं. तो मुलगा उद्धट नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं की त्या काळी इथं दाट झाडी होती, लोकांना गारव्याची सवय होती, म्हणून एकोणतीसही त्यांना जास्त वाटलं असेल. थंडीचंही तसंच. सवयीच्या गोष्टी शेऱ्यात येतात, आकड्यात येत नाहीत. सकू हो म्हणाली, पण तिचं समाधान झालं नाही.

घरी ती बाबल्याशी आपल्या बोलीत हेच बोलत बसली. बाबल्या तांदूळ निवडत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, मजूर कुठले होते? सकू म्हणाली, ते लिहिलेलं नाही, पण रस्त्याच्या कामावरचे म्हणजे इथलेच असणार.

“आपला मानूस एकोनतीसला घेरी येऊन पडत नाय,” बाबल्या म्हणाला. “त्या प्रसाद मास्तरला सांग, आकडा खोटा हाय.”

“आकडा खोटा नाय,” सकू म्हणाली. “ज्यानं एवढं मन लावून लिहिलंय तो खोटं लिहिणार नाय. आपल्याला तो वाचता येत नाय, एवढंच.”

रविवारी तिनं जीप पकडली आणि जव्हारला गेली. जीपमध्ये शिरपामाळ बघायला निघालेली मुंबईची मंडळी होती, त्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन ती बसली. रुचिराबाईंचं दुकान तिला माहीत होतं, पण बाईंशी औषधापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. तिनं संकोचत सांगितलं की मूळ वही एकदा बघायला मिळाली तर बरं. रुचिराबाईंना आश्चर्य वाटलं. वहीचे फोटो काढून नेल्यावर तिच्याबद्दल पुन्हा कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी तिला दुकानाच्या मागच्या ओट्यावर बसवलं, वही आणून दिली आणि गिऱ्हाईक बघायला गेल्या.

प्रसादनं उष्णतेच्या तक्त्यांचेच फोटो काढले होते. वहीच्या शेवटी, बरीच कोरी पानं सोडून, विठ्ठल कंपाउंडरनं आणखी काही लिहून ठेवलं होतं. कागद एकमेकांना चिकटले होते. सकूनं ते हलक्या हातानं सोडवले.

पहिल्या पानावर होतं: ‘साहेबाच्या सामानाच्या लिलावातून हा विलायती काचेचा पारा दवाखान्यास मिळाला. पितळी पट्टी मोडलेली आहे. अंश जसे दिसतात तसे लिहितो. बर्फ येथे मिळत नसल्याने शून्य तपासता आले नाही.’

त्याखाली: ‘निरोगी असता माझ्या स्वतःच्या काखेत पारा साडेएकोणतीस.’

त्याखाली एका बाईचं नाव आणि: ‘कडक ताप, बरळते आहे. काखेत बत्तीस.’

आणि सगळ्यांत शेवटी, जरा तिरक्या अक्षरात: ‘आधण खळखळून उकळले. पारा ७९ वर थांबला, वर चढेना. पुस्तकात २१२ लिहिले आहे. काच सदोष असावी काय? तथापि रोजचे लिहिणे बंद करवत नाही.’

२१२ हा फॅरनहाइटचा आकडा, हे सकूला माहीत होतं. ते शेवटचं वाक्य मात्र तिनं दोनदा वाचलं. आपण रोज लिहितो ते चूक तर नाही ना, अशी शंका मनात घेऊन हा माणूस नवा तापमापक येईपर्यंत त्याच काचेसमोर उभा राहत होता.

माणसाच्या अंगाची उष्णता सदतीस असते, हे सकूला तोंडपाठ होतं. लसीच्या दिवसांत तिनं पाड्यावर शेकडो जणांची मोजली होती. निरोगी माणूस सदतीस, कंपाउंडर म्हणतो साडेएकोणतीस. कडक ताप चाळीस, कंपाउंडर म्हणतो बत्तीस. बत्तीस आणि चाळीस.

बत्तीस आणि चाळीस म्हटल्याबरोबर तिच्या कानात तिच्या बापाचा आवाज घुमला. बाप फागू जंगलखात्याच्या कूपावर, म्हणजे लाकूडतोडीच्या जागी, लाकूड मोजायला असायचा. त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं. पण तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडून त्यानं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे सगळे अपूर्णांकांचे पाढे घोटून घेतले होते. चुलीपाशी बसून तो मुलांकडून ते म्हणून घ्यायचा. सवा एके सवा, सवा दुणे अडीच, सवा त्रिक पावणेचार, सवा चोक पाच. शाळेत कुणी हे शिकवत नव्हतं, म्हणून इतर भावंडं विसरली. सकूला सवायकी राहिली होती. सवा आठे दहा. आठाचे दहा, तर बत्तिसाचे चाळीस.

तिनं साडेएकोणतीस घेतले. त्यांचा चौथा हिस्सा सव्वासातच्या जरा वर. मिळवले तर सदतीसला थोडे कमी. मग एकोणऐंशी घेतले. चौथा हिस्सा पावणेवीस. एकोणऐंशी आणि पावणेवीस, पावणेनव्व्याण्णव.

पाणी शंभरला उकळतं असं पुस्तकात असतं. पण उंचावर ते जरा आधी उकळतं हे तिला जुन्या निरीक्षकांनी शिकवलं होतं, आणि जव्हार काही समुद्राकाठी नाही.

सकू उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. काच सदोष नव्हती. काच अगदी नीट होती. तिच्यावरचे अंशच मोठे होते, आपल्या अंशाच्या सवापट. कुठल्या मुलखाचं माप ते तिला ठाऊक नव्हतं. पण ते माप आहे, आणि ते चोख आहे, याबद्दल तिला आता शंका उरली नाही.

एक पडताळा बाकी होता. प्रसादनं बाजूला टाकलेली फॅरनहाइटची चार वर्षं. तिनं मे १८९५ ची ओळ काढली. सत्त्याण्णव. फॅरनहाइटचं सेल्सिअस ती नेहमी एकाच रीतीनं करायची. बत्तीस वजा करायचे, उरतील त्यांचे निम्मे घ्यायचे आणि त्यात त्या निम्म्याचा नववा भाग मिळवायचा. सत्त्याण्णवातून बत्तीस गेले, पासष्ट. निम्मे साडेबत्तीस. नववा भाग साडेतीनच्या किंचित वर. झाले छत्तीस. आणि जुन्या काचेचे एकोणतीस, सवापट केले तर सव्वाछत्तीस. डिसेंबरची पहाट नव्या तापमापकावर बावन्न, म्हणजे अकरा. जुन्या काचेवर नऊ, म्हणजे सव्वाअकरा.

उडी नव्हतीच. विठ्ठल कंपाउंडरनं आठही वर्षं बरोबर लिहिली होती.

रुचिराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सकूचे डोळे भरलेले होते. काय झालं म्हणून त्या घाबरल्या. सकूनं त्यांना शेवटचं पान दाखवलं आणि सगळं समजावून सांगितलं. रुचिराबाई बराच वेळ त्या तिरक्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. घरात विठ्ठलरावांबद्दल एवढंच सांगत असत की म्हातारा काच बघत बसायचा आणि लोक त्याला हसायचे.

सोमवारी सकाळी सातची नोंद आटोपून सकू प्रसादसमोर तीन कागद घेऊन उभी राहिली. एकावर अंगाची उष्णता, दुसऱ्यावर आधण, तिसऱ्यावर दोन्ही तापमापकांचे महिनेवार आकडे. ती बोलली थोडंच. प्रसादनं कागद वाचले, पुन्हा वाचले, आणि त्याचा चेहरा उतरला. सभेला पाच दिवस होते. पत्रकं छापून तयार होती. तो म्हणाला की एका कंपाउंडरच्या तीन-चार टिपणांवर चार महिन्यांचं काम मोडता येणार नाही. काखेतला पारा नीट लागला नसेल, आधणात काच पूर्ण बुडाली नसेल.

“मग आपण बुडवून बघू,” सकू म्हणाली. “जव्हारमध्येच. त्यांनी जिथं उकळलं तिथंच. माझा हिशेब बरोबर असेल तर पाणी पावणेनव्व्याण्णवच्या आसपास थांबेल. नव्वदला थांबलं किंवा शंभराच्या वर गेलं, तर मी कागद फाडून टाकते.”

सुशीला मॅडम दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. मदतनीस संशोधकाशी अशी बोलते याचा त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी माती तपासायच्या खोलीतला लांब तापमापक, एकशेदहापर्यंतचा, कपड्यात गुंडाळून आणून दिला आणि गाडीची चावीही दिली.

जव्हारच्या बाजारपेठेत, रुचिराबाईंच्या दुकानाला लागूनच चहाचं एक दुकान आहे. दुपारी बाराची वेळ. मालकानं स्टोव्हवर एक कोरं पातेलं चढवून दिलं. दुकानात बसलेली चार माणसं उठून बघायला आली. सकूनं तापमापक दोरीनं टांगला, पातेल्याच्या बुडाला टेकणार नाही पण पाण्यात पूर्ण राहील असा. प्रसाद जवळ उभा होता. पाणी गुणगुणायला लागलं, मग बुडबुडे उठले, मग खळखळायला लागलं. पारा नव्वद ओलांडून गेला, पंच्याण्णव ओलांडून गेला आणि सावकाश झाला. सकू वाकली, श्वास रोखला, डोळा रेषेत आणला.

“सर, तुम्ही वाचा,” ती बाजूला होत म्हणाली.

प्रसाद वाकला. वाफेनं त्याचा चष्मा धुकटला, त्यानं तो काढला आणि पुन्हा बघितलं.

“अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा,” तो म्हणाला.

ते पाच मिनिटं थांबले. पारा हलला नाही. दहा मिनिटं थांबले. हलला नाही. एकोणऐंशीचे सवापट पावणेनव्व्याण्णव, आणि समोर अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. एकशेतीस वर्षांत फरक पडला तो पाव अंशाहूनही कमी.

प्रसाद बाकावर बसला. मोबाइल काढून त्यानं बराच वेळ काहीतरी शोधलं. मग त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हसू पाहून सकूला हा मुलगा चांगला संशोधक होणार असं वाटलं. तो म्हणाला की रेओमूर नावाचा एक फ्रेंच विद्वान होता. त्याच्या मापात पाणी शून्यावर गोठतं आणि ऐंशीवर उकळतं. जर्मनीत बनलेल्या कितीतरी जुन्या तापमापकांवर तेच अंश असत. आपण शाळेत त्याचं नाव एका ओळीत वाचतो आणि विसरतो.

“मी विसरलो होतो,” तो म्हणाला. “तुम्ही तर नाव न ऐकताच शोधून काढलंत, सकूताई.”

पुढचे चार दिवस उपकेंद्रात धामधूम होती. प्रसादनं छापलेली पत्रकं गठ्ठ्यासकट रद्दीत टाकली. सकू एकेक आकडा सवापट करत गेली, तो संगणकात भरत गेला. बाजूला टाकलेली चार वर्षं परत आली आणि पहिल्या चारांना जोडून अशी बसली की सांधा दिसेना. खरं चित्र आता समोर आलं. मेच्या दुपारी वाढल्या होत्या, पण एका अंशाहून कमी. हिवाळ्यातल्या पहाटा मात्र जवळजवळ दीड अंशानं उबदार झाल्या होत्या. आठ अंशांच्या गोंगाटात हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं. सुशीला मॅडमना ते पाहून हायसं वाटलं. हिवाळी वालाची फुलं अलीकडं वेळेआधी का गळतात, याचा त्या तीन वर्षं शोध घेत होत्या.

सभेला पाड्यापाड्यांतून माणसं आली होती, जव्हारचे व्यापारीही होते. प्रसादनं उठून सुरुवातीलाच सांगितलं की माझी चूक झाली होती, ती कशी झाली आणि कुणी दुरुस्त केली. मग त्यानं सकूला पुढं बोलावलं. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. पदर खोचून ती फळ्यापाशी गेली आणि जे केलं ते सांगत गेली, शेऱ्यापासून आधणापर्यंत.

विनोद नावाचा एक जण मध्येच उठला. पर्यटकांसाठी त्याच्या दोन-तीन निवासाच्या जागा होत्या. उन्हाळ्यातही एकोणतीस अंश असलेलं जुनं जव्हार, ही आधीच कानावर आलेली गोष्ट त्याला जाहिरातीसाठी फार आवडली होती. शिकलेल्या माणसानं काढलेला आकडा सोडून आम्ही एका मदतनीस बाईचा आकडा का धरायचा, असं त्यानं विचारलं.

सकूनं त्याच्याकडं पाहिलं. तिला राग आला नव्हता. आपल्याला हे कोणीतरी विचारणार, हे ती धरूनच आली होती.

“माझा धरू नका,” ती म्हणाली. “तुमच्या घरी ताप मोजायची नळी असेल. निरोगी माणूस मोजा, तापाचा माणूस मोजा. मग आमचा लांब तापमापक न्या आणि चुलीवर पाणी ठेवा. तिन्ही आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. तिन्ही वेळेला सवापट येतील. एक जरी वेगळा आला तरी मला येऊन सांगा, मी पेटीजवळच असते.”

मागच्या रांगेत काळ्या नावाचे एक म्हातारे बसले होते. ते काठी टेकून उठले आणि, कुणी विचारलेलं नसताना, संथ सुरात म्हणायला लागले. सवा एके सवा, सवा दुणे अडीच. दुसऱ्या ओळीला आणखी दोन म्हातारे त्यांना मिळाले. सवा चोक पाचला सहा-सात आवाज झाले. सवा आठे दहाला येईपर्यंत साठीच्या वरची निम्मी सभा म्हणत होती, आणि तरुण माणसं वळून वळून आपल्या आजोबांकडं बघत होती. विनोद खाली बसला. त्यालाही हसू आवरेना. सभा संपल्यावर त्यानंच सकूला येऊन विचारलं की तो रेओमूर कोण, पाहुण्यांना सांगायला बरं.

रुचिराबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी वहीचं ते शेवटचं पान चौकटीत बसवून आणलं होतं. ती चौकट आता त्यांच्या दुकानात, गल्ल्याच्या वर लावलेली आहे.

पुढच्या वर्षी प्रसादचा लेख एका नामांकित नियतकालिकात आला. लेखकांत तीन नावं होती. पहिलं सकू वारघडे, दुसरं प्रसादचं, तिसरं विठ्ठल महाले, आणि विठ्ठलरावांच्या नावापुढं खुणेचा तारा आणि तळाशी १८९१ ते १८९८ या नोंदींचे निरीक्षक अशी टीप. पहिल्या नावाबद्दल संस्थेत थोडी कुरबुर झाली म्हणे. प्रसादनं ती ऐकून घेतली आणि नाव हलवलं नाही.

मग संस्थेतून सकूला बोलावणं आलं. देशभरचे हवामानवाले जमणार होते. साताऱ्याच्या, विदर्भाच्या, पार आसामच्या जुन्या वह्या घेऊन माणसं आली होती. सकू वीस मिनिटं मराठीत बोलली आणि प्रसादनं शेजारी उभं राहून ते इतरांना सांगितलं. प्रश्न पुष्कळ आले. तिला एकही अडला नाही. शेवटी अध्यक्षस्थानी बसलेल्या एका वयस्क प्राध्यापक बाईंनी विचारलं की अशी जुनी वही हाती आली तर आम्ही आधी काय करावं.

सकूनं क्षणभर विचार केला.

“ज्यानं लिहिलंय तो खुळा नव्हता, असं धरून चालावं,” ती म्हणाली.

प्रसादनं ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. मग प्राध्यापक बाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागून पहिली रांग, आणि मग सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सकूला कुठं बघावं कळेना. ती तशीच हात जोडून उभी राहिली, पण मान तिनं खाली घातली नाही.

बाहेर आल्यावर व्हरांड्यातून तिनं बाबल्याला फोन लावला. तो शेतावर होता, वारा जोराचा होता, आवाज तुटत होता. काय झालं म्हणून त्यानं तीनदा विचारलं.

“पटलं,” ती मोठ्यानं म्हणाली. “समद्यांना पटलं.”

तेवढ्यात आसामहून आलेल्या एक बाई हातात पिवळ्या पडलेल्या वहीचे फोटो घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मराठी त्यांना येत नव्हती, आणि सकूला त्यांची भाषा. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, मध्ये फोटो ठेवले आणि पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.